पाट्यावरचा मासा

"दगडच आहे, मावशी. हे बघा, त्या बाईनं फोटो टाकलाय," असं म्हणत क्लिफर्डनं मोबाइल चंद्रकांताच्या नाकासमोर धरला.

चंद्रकांतानं अजून खांद्यावरची पिशवी उतरवली नव्हती. जूचंद्रहून राजोडीला यायचं म्हणजे दोन रिक्षा आणि एक बस, आणि पिशवीत एक हातोडी आणि दगड ठोकायच्या चार पोलादी टाक्या. उन्हातनं आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, एवढी रीत या घराला नक्की होती. आज ती कुणाला सुचली नव्हती, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. तिनं मोबाइल हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला.

"लई बारीक काढलाय."

क्लिफर्डनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. पांढऱ्या कागदी रुमालावर एक काळा ठिपका होता. चंद्रकांता "हं" म्हणाली.

"दाताची कॅप गेली तिची. आठवड्यातली ही सेकंड कम्प्लेंट. आणि खाली काय लिहिलंय ऐका. 'जेवण अप्रतिम, पण दगडासकट.' दोनशे लोकांनी लाइक केलंय."

"तो खडा कुठं हाय?"

"ती घेऊन गेली. डेंटिस्टला दाखवायला."

"आनि आला कशात?"

"तेच तर कळत नाही ना! थाळी होती. पाच आयटम होते. कशातही असेल."

एवढ्यात आतून कार्मिन पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि लेकाकडे बघून म्हणाली, "तिला बसू तर दे आधी. आल्या आल्या काय फिर्याद लावतोस?"

कार्मिन लोपीसच्या घराची ओटी म्हणजेच हे हॉटेल. सहा टेबलं, चोवीस खुर्च्या, आणि भिंतीवर क्लिफर्डनं रंगवून घेतलेली पाटी: 'इथं सगळं घरी होतं'. पाट्या काय, कुणीही लावतं. शेजारच्या रिसॉर्टवरही 'घरगुती चव' असं लिहिलंय आणि मागच्या दारानं मसाल्याची पाकिटं पोत्यानं जातात. पण कार्मिनच्या घरी सगळं म्हणजे खरंच सगळं होतं. शिरका, म्हणजे व्हिनेगर, ताडीचा, आणि तो मागच्या पडवीतल्या बरणीत मुरणारा. नारळ वाडीतले, दूध त्यांचंच पिळलेलं. लाल मिरचीचा मसाला उन्हाळ्यात कुटून काचेच्या बाटल्यांत दाबून भरलेला. पोळ्यांचं पीठ रगड्यावर, कालवणाचं वाटण पाट्यावर. स्वयंपाकघरात मिक्सर नावाची वस्तू नव्हती. मीठ तेवढं बाहेरचं, आणि तेही मिठागरावरच्या ओळखीच्या माणसाकडून आलेलं. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर आलेली मुंबईची मंडळी इथं तासभर ताटकळत बसत, आणि आत दगडावर दगड फिरल्याचा आवाज ऐकू आला की एकमेकांकडे बघून खूश होत.

त्या दोन दगडांना टाकी घालायचं काम चंद्रकांताचं. वापरून वापरून दगड गुळगुळीत होतो, मग वाटण नुसतं घसरतं, बारीक होत नाही. तेव्हा टाकीनं ठोकून ठोकून त्याला पुन्हा खरबरीत करायचं. दर तीन महिन्यांनी ती यायची. त्याआधी कार्मिनच्या सासूच्या काळात वर्षातून एकदा यायची. चाळीस वर्षं झाली असतील. तिची सासू तिला घेऊन पहिल्यांदा या वाडीत शिरली तेव्हा चंद्रकांता पंचवीसचीही नव्हती. वसईच्या गल्ल्यांतून दोघी आरोळी द्यायच्या, "पाट्याला टाकीऽऽ य!" आणि दारं उघडायची. दिवसाला आठ-दहा पाटे व्हायचे. मग घरोघरी मिक्सर आले. पाटे न्हाणीत गेले पाय घासायला, रगडे कुंड्यांखाली गेले. गेल्या वर्षी पापडी गावातली शेवटची दोन घरं सुटली. आता उरलं होतं हे एकच. घरी तिला कशाची ददात नव्हती, मुलगा म्हणायचाच की बस आता, कशाला वणवण करतेस. पण इथला पाटा गेला की ती टाकीवाली उरणार नव्हती. नुसती म्हातारी उरणार होती.

आणि ओटीच्या कोपऱ्यात आज एक मोठा खोका उभा होता. चंद्रकांतानं पाणी पिता पिता तो पाहिला.

"ते काय?"

क्लिफर्ड जरा घुटमळला. "वाटायचं मशीन आहे, मावशी. कालच आलं. अजून उघडलं नाही. मम्मी म्हणते, आधी बघू दगडामुळे झालंय का. दगडाचा फॉल्ट असेल तर उघडायचं, नसेल तर सात दिवसांत रिटर्न."

"मी काही तुझ्यावर ढकलत नाही हां चंद्रा," कार्मिन घाईघाईनं म्हणाली. "पण दुसऱ्याच्या दाताचा प्रश्न आहे गो. उद्या कोणा म्हाताऱ्याचा, पोराचा..."

"बरोबर हाय तुझं." चंद्रकांतानं तांब्या खाली ठेवला. "मी सांगितलेलं तसं केलेलंस ना? टाकी घातल्यावर तीन वेळा तांदूळ वाटून फेकलेस?"

"तीन नाही, चार वेळा. दोन्ही दगडांवर."

चंद्रकांतानं मागची खेप आठवून पाहिली. पंधरवड्यापूर्वी ती येऊन गेली होती. पाटा बाहेर अंगणात आणून चांगल्या उन्हात टाकीनं ठोकला होता. रगडा मात्र जागचा हलत नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तो जमिनीत पुरलेला, आणि त्या कोपऱ्यात भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं असतं. खड्ड्यात हात घालून, चाचपडत ठोकला होता तो. तिला वाटलं, अंधारानं घात केला. रगडाच असणार. आणि रगडा असेल तर... पण असेल तर असेल. असं बसून कळणार होतं थोडंच?

"मला जेवाया वाढ," ती म्हणाली.

कार्मिन बघतच राहिली. चाळीस वर्षांत या बाईनं त्या घरात पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं. चहासुद्धा नाही. सणाला ताट वाढलं तरी पिशवीतली भाकरी काढून ती फणसाखाली जाऊन खायची. सुरुवातीला कार्मिनच्या सासूला वाटलं, आपण ख्रिस्ती म्हणून ही शिवत नाही. मग कळलं, की ही वर्तकांच्या घरीही खात नाही, नि चौधरींच्या घरीही नाही. चंद्रकांताच्या सासूनं घालून दिलेला नेम होता: टाकीवालीनं आपल्या टाकीचं खाऊ नये. का, ते सासूनं सांगितलं नव्हतं आणि सुनेनं विचारलं नव्हतं. त्या काळी सुना विचारत नसत.

"तुझा नेम?"

"नेम राहू दे. पाच जिनसा हायत ना? पाचही वाढ. एकेक बगते कशात हाय ते. दाताला लागल्याबिगर दगड कळत नाय."

"मावशी, आम्ही पण खाऊन बघितलं सगळं काल," क्लिफर्ड म्हणाला. "काही लागलं नाही."

"तुमी चव बगता रे बाबा. मी दगड बगनार."

तिला बसवलं खिडकीजवळच्या टेबलावर, जिथं शनिवारी आधी फोन करून जागा मागावी लागते. खुर्चीच्या अगदी कडेला ती टेकली. पिशवी मांडीवर. कार्मिननं ती काढून घेतली आणि म्हणाली, "नीट बस गो, गिऱ्हाईक आहेस आज." तेव्हा ती मागे सरकली आणि आपले पाय जमिनीला पुरत नाहीत हे तिला कळलं. तिला हसू आलं.

खरं सांगायचं तर, तिच्या मनात त्या घडीला दगड निम्माच होता. उरलेलं निम्मं मन नुसतं कुतूहलानं भरलं होतं. चाळीस वर्षं ती लोकांच्या परसात दगड ठोकत बसली, आणि चाळीस वर्षं मागच्या दारातून वास आले. ओल्या खोबऱ्याचे, लसणीचे, भाजल्या धण्याचे, शिरक्यात पडलेल्या मिरचीचे. वासावरून तिला घर सांगता आलं असतं. पण ते सगळं लागतं कसं? आपल्या ठोकण्यानं त्यात नेमकं काय होतं? बायका म्हणायच्या, "तू टाकी घातलीस की कालवणाला चव येते हां." आता असं सगळेच म्हणतात, दोन शब्द गोड बोलायला कुणाचं काय जातं! खरं की खोटं, तिला कधी कळलं नव्हतं.

आधी आला पोळा. ताडीवर फुगवलेला, पांढरा, जाळीदार. हा रगड्यावरचा. चंद्रकांतानं एक घास मोडला आणि तोंडात घातला. डोळे मिटले. जीभ टाळूला लावून तो घास तिनं सावकाश विरू दिला, मग पुढच्या दातांनी, मग दाढांनी. कार्मिन आणि क्लिफर्ड समोर उभे राहून तिच्या जबड्याकडे बघत होते, जसं काही डॉक्टरनं नाडी धरलीय आणि सांगतोय आता काय ते. तिनं दुसरा घास घेतला. तिसरा. पोळा संपला.

"काय?" कार्मिनचा आवाज चिरकला.

"आनखी एक दे."

"आहे त्यात?"

"नाय. काय नाय. लोन्यासारखा हाय." ती स्वतःच चकित झाली होती. "मला वाटलेलं, हाच. अंधारात केलेला ना तो."

दुसरा पोळाही संपला आणि त्यातही काही निघालं नाही. मग शिरक्यातलं लोणचं आलं. त्याला दगडाचा संबंध नव्हता, पण तिनं ते अंमळ जास्तच वेळ तपासलं. मग वालाचं बिरडं आलं. त्यात वाटण होतं, थोडंसं. तिनं वाटी रिकामी केली. काही नाही. प्रत्येक वाटीनंतर कार्मिनच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल होत होती.

चौथ्या वाटीत शिंपल्या होत्या, सुक्या. तिसऱ्याच घासाला चंद्रकांता थांबली. गाल आत ओढून घेतला, जीभ फिरवली आणि बोटाच्या टोकावर काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

"हाय," ती म्हणाली.

क्लिफर्ड पुढे झाला. मोबाइलचा उजेड पाडला. कण होता, पिवळसर, चमकणारा.

"मम्मी, ही तर रेती! शिंपल्यांतली!"

"रेतीच हाय," चंद्रकांता म्हणाली. "दगड कच्च वाजतो. ही नुसती किरकिरते."

"मी म्हटलं नव्हतं?" कार्मिननं कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूस काढला. "म्हटलं नव्हतं मी? शिंपल्या सकाळी येतात आणि तू दुपारीच मला शिजवायला लावतोस. रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय त्या रेती ओकत नाहीत, माझ्या सासूनं सांगितलेलं. घाई तुला! आणि नाव कुणाचं घेत होतास? या बिचारीचं!"

"पण फोटोत ब्लॅक होतं ना..."

"मसाला लागून काळं झालं असेल. उचल तो खोका. फोन कर त्यांना, म्हणावं घेऊन जा."

क्लिफर्ड डोकं खाजवत खोक्याकडे गेला आणि त्यावरचा फोन नंबर शोधू लागला. कार्मिन त्याच्या मागे मागे बोलत गेली. ओटीवरचा गळफास सुटल्यासारखं झालं. चुलीवरून कुणीतरी भात उतरवला, बाहेर कोंबडी ओरडली, सगळं पुन्हा नेहमीसारखं झालं.

चंद्रकांताच्या ताटात पाचवी वाटी तशीच होती. बोयट माशाचं कालवण. आता ते तपासायचं काही कारण उरलं नव्हतं, तिनं ते नुसतं जेवायला म्हणून ओढलं. भात कालवला आणि घास तोंडात घातला.

आणि तेव्हा तिला कळलं. बायका खोटं बोलत नव्हत्या. खोबरं होतं, पण खोबरं म्हणून वेगळं लागत नव्हतं. मिरची होती, पण ती आधी गोड लागत होती आणि मग घशात जाऊन तिखट होत होती. सगळं एकमेकांत असं शिरलं होतं की कुठं काय संपतं ते सांगता येऊ नये. तिच्या घरी मिक्सरमधलं वाटण असायचं. सुनेनं आणलेला मिक्सर. ते चांगलंच लागायचं, पण त्यात पाणी एकीकडे आणि खोबरं एकीकडे. हे म्हणजे दगडानं चिरडून, रगडून, मिनतवारी करून एकजीव केलेलं. एवढ्यासाठी लोक मला हाक मारत होते तर, तिला वाटलं. एवढ्यासाठी मी गल्ल्या तुडवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटानं आलेलं नव्हतं.

पाचव्या घासाला कच्च झालं.

बारीकच. पण डोक्याच्या कवटीपर्यंत गेलं. तिनं चावणं थांबवलं. जिभेनं तो कण उचलून वरच्या दातांमागे नेला, दाबला. कंगोरे होते. रेती लाटांनी घासून गोल होते, तिला कंगोरे नसतात. हा दगड होता. काळा पाटा. हा कण कुठल्या दगडाचा ते तिला डोळे बांधून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

ओटीच्या त्या टोकाला क्लिफर्ड फोनवर बोलत होता, "हां, रिटर्न करायचंय, ओपन नाही केलं." कार्मिन खोक्यावर हात ठेवून उभी होती आणि हसत होती. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. एक घोट पाणी प्यायलं असतं तर कण पोटात गेला असता. खोका परत गेला असता. तीन महिन्यांनी दोन रिक्षा आणि एक बस करून ती पुन्हा आली असती.

तिनं पाण्याचा पेला उचललाही. मग तो तसाच खाली ठेवला.

"कार्मिनबाय," तिनं हाक मारली. "फोन ठेवाया सांग त्याला."

तिनं कण ताटाच्या कडेला, रेतीच्या कणाशेजारी ठेवला. एक पिवळा, एक काळा. "रेती तुमची," ती म्हणाली. "हा माझा."

क्लिफर्डनं फोन बंद केला. कार्मिन येऊन तिच्या समोरच्या खुर्चीवर बसली. मग क्लिफर्ड म्हणाला, "पण मावशी, पाटा तर तुम्ही बाहेर उन्हात केलेला. रगड्याला काही नाही आणि पाट्याला कसं?"

"तेच मला बी कळत नाय," चंद्रकांता म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. कोडं पडलेल्या माणसाचा असतो तसा. "पाटा बाहेर आन बगू."

पाटा अंगणात फणसाखाली आणून ठेवला. चंद्रकांता त्याच्यापुढे मांडी घालून बसली आणि वाकून बघू लागली. मग बघायचं सोडून तिनं दोन्ही हातांचे तळवे दगडावर ठेवले आणि बोटं पसरली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. अर्ध्यावर तिची बोटं थांबली. पुन्हा मागे गेली. तिथं टाकीचे घाव ओळीनं नव्हते. एका घावावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा पडला होता. दगडाची कातडी तिथं चुरून सुटी झाली होती आणि नखानं खरवडलं तरी हाताला येत होती. चार वेळा काय, चाळीस वेळा तांदूळ वाटून फेकले असते तरी ती येतच राहिली असती.

बोटं पाट्याच्या माथ्याकडे गेली. तिथं मासा होता. प्रत्येक पाट्याच्या माथ्यावर चंद्रकांता वीतभर मासा कोरायची. तिची सासूही कोरायची. दर खेपेला त्याच्या रेषा पुन्हा उजळायच्या आणि सगळ्यात शेवटी एका ठोक्यात डोळा. डोळा पडला की काम संपलं. तिचं बोट माशाच्या शेपटीवरून पाठीवर आलं, पाठीवरून तोंडाकडे. डोळा लागेना. तिनं तोंडाभोवती बोट फिरवलं. जुना डोळा झिजून गेला होता. नवा सापडला. माशाच्या बाहेर, पुढं दोन बोटं. कोऱ्या दगडावर.

"हा कदीपासनं हाय इथं?"

कार्मिननं पदर सारखा केला. "तू गेल्या खेपेला केलास, तेव्हापासून."

"तू बगितलंस?"

"तू गेल्यावर पाटा धुताना बघितलं."

"आनि बोलली नाय?"

"कसं बोलू गो?" कार्मिनला एकदम भरून आलं. "चाळीस वर्षांत एक घाव चुकला नाही तुझा. म्हटलं, होतं एखाद्या वेळेस. तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा आली नसतीस."

चंद्रकांता तिच्याकडे बघत राहिली. म्हणजे कार्मिनच्या बाजूला बघत राहिली. चेहरा कुठं आहे ते तिला माहीत होतं, पण हल्ली मधोमध सगळं धूसर व्हायचं आणि कडा तेवढ्या दिसायच्या. सहा महिने झाले असतील. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बसची पाटी दिसत नाही म्हणून कंडक्टरला विचारायची, कंडक्टरला वाटायचं म्हातारीला वाचता येत नाही. आणि परवापरवापर्यंत तिची खात्री होती, की दगड तरी मला दिसतोय.

"उन्हात मी डोळ्यावर भरवसा ठेवला," ती हळूच म्हणाली. "अंधारात ठेवला नाय."

मग ती हसली. खरंच हसली. "सासू म्हनायची, आपल्या टाकीचं खाऊ नये. खाल्लं असतं तर आदीच कळलं असतं की गो. सहा महिने मी लोकांच्या दातात दगड घालत फिरले."

"लोकांच्या कुठं? आमच्याच," क्लिफर्ड म्हणाला आणि आपण काय बोललो ते कळून ओशाळला. पण चंद्रकांताला आणखीच हसू आलं. मग कार्मिनलाही.

"खोका उघड बाबा तू," हसू ओसरल्यावर ती म्हणाली. "आज शनवार. मानसं येतील. त्यांचं जेवन नाय अडलं पायजे. मला संद्याकाळपर्यंत हा पाटा दे. मग तुमी बगा काय करायचं ते."

क्लिफर्डनं आईकडे पाहिलं. कार्मिन म्हणाली, "आज कालवण नाही म्हणून सांग सगळ्यांना. पोळे आहेत, बिरडं आहे. लोणचं आहे. थांबायचं असेल तर थांबा म्हणावं." आणि ती आत निघून गेली. खोका कुणी उघडला नाही. परत करायचा फोनही क्लिफर्डनं पुन्हा लावला नाही.

चंद्रकांतानं आधी पाटा पाण्यानं आणि खरबरीत दगडानं घासून घेतला. सुटी कातडी निघेपर्यंत, बोटांना दगड सपाट लागेपर्यंत. मग टाकी घेतली, हातोडी घेतली आणि डोळे मिटले. डाव्या हाताची करंगळी दगडावर टेकवून ठेवली. ठोका मारायचा, करंगळीनं तो घाव शोधायचा, त्याच्या शेजारी टाकी ठेवायची, ठोका मारायचा. पूर्वी पाऊण तासात पाटा व्हायचा. आज साडेतीन तास लागले. ओटीवर जेवणारी माणसं उठून बघायला आली. एका मुलीनं विचारलं, "आजी, डोळे का मिटलेत?" तर ती म्हणाली, "कच जाते ना डोळ्यात." क्लिफर्डनं त्या मुलीला हळूच बाजूला घेतलं.

मग तांदूळ आले. पहिलं वाटण तिनं स्वतः वाटलं आणि चिमूटभर जिभेवर ठेवलं. किरकिर होती. फेकलं. दुसरं वाटलं, जिभेवर ठेवलं. कमी होती. फेकलं. तिसरं. चौथं. पाचव्या वेळी ती बराच वेळ तोंड हलवत बसली आणि म्हणाली, "घे. खोबरं आन."

कालवण झालं तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. थांबलेली तीन टेबलं होती, आणि चौथ्यावर, खिडकीजवळ, चंद्रकांता. पहिली वाटी तिच्यापुढे ठेवली गेली. ती खाईपर्यंत दुसऱ्यांना कार्मिननं वाढलं नाही. बाकीच्यांना त्याचं कारण कळलं नाही, पण तेही आपापल्या रिकाम्या वाट्या समोर घेऊन मुकाट बसून राहिले. तिनं शेवटच्या घासापर्यंत खाल्लं, वाटी बोटानं पुसली, बोट चाटलं आणि मान हलवली.

निघताना क्लिफर्डनं तिची पिशवी रिक्षापर्यंत नेली. म्हणाला, "मावशी, माशाचा डोळा राहिला."

"ठाव हाय. जानूनबुजून ठेवलाय."

"का?"

"पुढल्या खेपेला घालीन," ती म्हणाली आणि रिक्षात चढली.

मासा अजून तसाच आहे. त्याला डोळा नाही, आणि त्याचा चुकलेला डोळा दोन बोटं पुढे कोऱ्या दगडावर आहे; दगडावरचा घाव पुसता येत नाही. वाटण झालं की थोडं नेमकं त्या खळग्यात अडकतं. रोज संध्याकाळी पाटा धुताना कार्मिन आधी तिथं बोट घालते, निघेल ते निपटून काढते, आणि दिनदर्शिकेवर तीन महिने कुठं भरतात ते पुन्हा एकदा बघून घेते.